तपासलेली चिमणी, न तपासलेली मधमाशी

आग्या मोहोळ उठले की आमच्या नांदेड-लातूर भागात पुढचे बहुधा ठरलेले असते. डंख झालेली माणसे दवाखान्यात येतात आणि रात्री ते मोहोळ जाळले जाते. चिमणीचे घरटे पडले, तर मात्र घर हळहळते.

दोघींची कुळी पाहा. चिमणी पृष्ठवंशी, पक्षी वर्गातली. तिची चिवचिव आपल्याला गाणे वाटत नसली तरी शास्त्राने तिला गायक पक्ष्यांतच बसवले आहे. आग्या मधमाशी संधिपाद संघातली, कीटक वर्गातली, मुंग्या आणि गांधीलमाश्यांच्या गणातली. नाते प्राणी म्हणण्यापुरतेच. तरीही दाणे टिपणारी चिमणी पिल्लांना भरवते ते बहुतांशी किडे-अळ्याच.

जागतिक लाल यादीत चिमणी 'किमान चिंता' या गटात आहे. २०२० च्या भारतीय पक्ष्यांच्या अहवालानेही ती महानगरांत घटली असली तरी देशभरात साधारण स्थिर असल्याचे म्हटले. म्हणजे तिची तब्येत तपासून झाली आहे. जगातल्या सुमारे ११ हजार पक्षी जातींपैकी जवळपास सगळ्यांची अशी तपासणी होते. कीटकांच्या नाव मिळालेल्या जातीच १० लाखांवर, आणि त्यांतल्या जेमतेम एक टक्क्याची तपासणी झाली आहे. ओपीडीत कधीच रक्तदाब न मोजलेला माणूस 'मला बीपी नाही' असे ठामपणे सांगतो, तेव्हा मला ही यादी आठवते. आपल्या जिल्ह्यांत मोहोळे किती होती आणि किती उरली, याची चिमणीसारखी नोंद नाही.

सोयाबीनचे परागीभवन बहुतेक आपले आपणच होते. शिवारभर तेच पीक आले आणि मधमाशीची गरजही विसरली गेली. पण सूर्यफूल, कांद्याचे बी यांचे उत्पन्न तिच्यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. फुलोऱ्यात भर दिवसा कीटकनाशक फवारले, तर फुलावरची माशी मरते आणि तोंड न बांधता फवारणारा आमच्याकडे येतो. फवारणी करायचीच असेल तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी करावी.

पाण्याच्या टाकीवरचे मोहोळ जाळू नका. त्याखाली धूर, दगड, फटाके नकोत. आग्या माश्या हंगाम सरला की बहुधा स्वतःच स्थलांतर करतात. वर्दळीच्या जागी असेल तर जाणकार माणूस बोलवा. डंख झालाच तर काटा लगेच काढा. श्वास लागला, ओठ-जीभ सुजली, चक्कर आली किंवा डंख खूप असतील, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता तडक रुग्णालय गाठा.