'अतितात्काळ' म्हणजे नेमकं काय हो, साहेब?

रात्री पावणेदहाला ग्रुपवर मेसेज पडतो. "अतितात्काळ. सोबतची लिंक उद्या सकाळी १० च्या आत भरावी. हयगय खपवून घेतली जाणार नाही." खाली रांगेने अंगठे आणि 'ओके सर'. ज्याचा अंगठा नाही, त्याचं नाव सकाळी सगळ्यांसमोर.

ही हिंजवडीची गोष्ट नाही, आपल्या तालुक्याची आहे. शिक्षक, ग्रामसेवक, अंगणवाडीताई, पतसंस्थेतला क्लार्क, कुणालाही विचारा. 'राइट टू डिस्कनेक्ट' म्हटलं की लोकांना वाटतं, हे एसीत बसणाऱ्यांचे लाड आहेत.

सुप्रिया सुळे यांनी यावर २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. पुढे काही झालं नाही. डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही, तेव्हा याचं भविष्य सांगायला ज्योतिषी नको. सरकारने स्वतः आणलं तरच काही होईल. पण आपल्या राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी कशाला दिली? कारखान्यातली दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तास करायला!

तिकडे फ्रान्सने २०१७ पासून ५० च्या वर कर्मचारी असलेल्या कंपन्यांना याबाबत कामगारांशी बोलणी करणं बंधनकारक केलं. ऑस्ट्रेलियात २०२४ पासून ड्युटीनंतर साहेबाचा फोन न उचलण्याचा हक्क आहे, नकार अवाजवी नसेल तर. दोन्ही देशांचं काही बुडालेलं ऐकिवात नाही.

आता नेहमीचा सवाल: "इमर्जन्सी आली तर?" मी पत्रकार आहे. अपघात, आग, पूर वेळ बघून येत नाहीत, हे मला कुणी शिकवू नये. डॉक्टर, पोलीस, वायरमन यांना रात्री बोलवावंच लागतं. मग त्यांची पाळी लावा, आणि त्या पाळीचे पैसे द्या. पण शाळेत किती झाडं लावली याचा आकडा रात्री दहाला? ही कसली इमर्जन्सी? साहेबाला वरून दुपारी विचारलं, त्यांना आठवण रात्री झाली, एवढंच.

माझं म्हणणं सरळ आहे. कारखान्यात जादा तासाला दुप्पट मजुरी, असा कायदा आहे. मोबाईलवरच्या जादा तासाला काय? शून्य. काम फुकट मिळतं म्हणून ते अतितात्काळ असतं. प्रत्येक रात्रीच्या मेसेजला दुप्पट दर लावून बघा, निम्मी लिंक आपोआप सकाळी येईल!

आणि आशाताईंचं काय? सरकारी कागदावर त्या 'स्वयंसेविका'. ड्युटीची वेळच ठरलेली नाही, मग ड्युटीनंतरचा हक्क कुठून येणार? उद्या कायदा झालाच, तर सगळ्यात आधी त्याच बाहेर राहतील. म्हणून मागणी करताना 'कर्मचारी' या शब्दात कोण कोण बसतं, ते आधी विचारा.

रविवारची सुट्टीसुद्धा कुणी खैरात म्हणून दिलेली नाही. 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांना घेऊन काही वर्षं भांडले, तेव्हा १० जून १८९० ला ती मिळाली. त्या रविवारी आज ग्रुपवर लिंक येते आणि आपण अंगठा देतो.

संघटनांनो, पगारवाढीच्या निवेदनात ही एक ओळ घाला. एकट्याने अंगठा रोखला तर नोटीस येते. सगळ्यांनी रोखला तर साहेबांना सकाळपर्यंत थांबावंच लागेल.