तेलाची परीक्षा थंडीत

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथे लष्कराच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. लष्करी वाहनांवर संशोधन करणारी ‘व्ही.आर.डी.ई.’ ही संस्थाही येथेच आहे. आपल्याकडे ऐन हिवाळ्यातही पारा सहसा शून्यापर्यंत उतरत नाही. परंतु लष्कराच्या गाड्यांना लडाखमध्येही धावावे लागते. तेथील द्रासला पारा उणे 20 अंश सेल्सिअसच्याही खाली जातो. एवढ्या थंडीत इंजिनातले वंगण तेल वाहील की नाही, हा प्रश्न जवानांच्या जिवाशी निगडित असतो.

विद्यार्थी मित्रांनो, द्रवाचा वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध म्हणजे श्यानता, हे तुम्ही शिकता. पुढे महाविद्यालयात एरंडेलात गोळी सोडून ती मोजतात, वहीत एक आकडा लिहितात आणि प्रयोग संपतो. माझे मत स्पष्ट आहे: तापमान न लिहिता दिलेला हा आकडा निरर्थक होय. थंडीत तर केवळ तापमान लिहूनही भागत नाही.

याचे कारण मेण. खनिज तेलात थोडे मेण विरघळलेले असते. तेल गार झाले की त्याचे बारीक स्फटिक बनतात, ते एकमेकांत गुंततात आणि त्या जाळीत तेल अडकून बसते. जुनी चाचणी सोपी आहे. बरणीतले तेल गार करीत न्यायचे आणि दर 3 अंशांनी बरणी कलती करून पाहायची. आडवी धरूनही 5 सेकंद तेल हलले नाही, की त्याहून 3 अंश वरचे तापमान हा त्याचा ‘पोअर पॉइंट’.

परंतु 1980-81 च्या हिवाळ्यात अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात, चाचण्यांत उत्तीर्ण झालेल्या तेलांनीच दगा दिला. पंपाला तेल ओढता येईना आणि इंजिने निकामी झाली. उघड्यावर उभ्या असलेल्या गाड्यांत तेल सावकाश गार झाले होते. स्फटिकांना जाळी विणायला सवड मिळाली होती. पुढे चाचणीच बदलली. आता तेल 45 तासांहून अधिक काळ हळूहळू गार करतात आणि मगच त्यात दांडा फिरवून श्यानता मोजतात. डब्यावरील ‘15 डब्ल्यू-40’ मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. अशा तेलाची श्यानता उणे 25 अंशांना साध्या पाण्याच्या सुमारे 60,000 पटींपेक्षा जास्त असता कामा नये. ‘5 डब्ल्यू’ तेलाला हीच कसोटी उणे 35 अंशांना द्यावी लागते.

शिक्षकांना विनंती, की हा विचार शाळेत आणावा. शेंगदाणा तेलाच्या दोन परीक्षानळ्या घ्याव्यात. एक बर्फाच्या पाण्यात झटपट 5 अंशांपर्यंत गार करावी, दुसरी तेवढ्याच तापमानाच्या फ्रिजमध्ये रात्रभर ठेवावी, आणि दोन्ही कलत्या करून पाहाव्यात. वहीत तापमानाशेजारी ‘गार होण्यास लागलेला वेळ’ हा रकाना हवाच. दोघांची उत्तरे जुळली नाहीत, तर लगेच गुण कापू नयेत. तेल गार कसे केले, हे आधी विचारावे.