शाई फिकी कीं दृष्टि?

नोकरी सुटली तरी वह्या तपासण्याची आमची खोड सुटलेली नाहीं. आळींतील मुलें संध्याकाळीं वह्या आणून टाकतात, व आम्ही त्यांवर तांबड्या शाईनें खुणा करतों. २०२३ सालच्या पावसाळ्यांत ती शाई आम्हांस विटकरी, मळकट दिसूं लागली. दुकानदारानें पाणी घातलें असावें अशा समजुतीनें दुसरी बाटली आणविली. तीहि तशीच! तेव्हां नात म्हणाली, "आजोबा, शाई तर चांगली लालभडक आहे."

पुढें वाचतांना अक्षरांच्या मध्यभागीं धूसर डाग येऊं लागला. वय झालें, म्हणून चष्म्याचा नंबर बदलला. खर्च मात्र झाला. अखेर नेत्रवैद्यांनीं तपासलें. मोतीबिंदु नाहीं, डोळा निर्मळ. मग त्यांनीं विचारलें, "औषधें कोणतीं चालू आहेत?"

आम्हांस क्षयाचे उपचार सुरू होऊन चौथा महिना होता. त्या औषधांत एथांब्युटॉल नांवाचें एक असतें. क्षयजंतूंस तें आवरतें खरें, पण क्वचित् डोळ्यानें पाहिलेलें मेंदूकडे पोंचविणाऱ्या मज्जातंतूस इजा करतें. वेदना नाहीं, लाली नाहीं. पुष्कळदां प्रथम तांबड्या-हिरव्याचा भेदच पुसट होतो. मूत्रपिंडें दुर्बळ असल्यास औषध शरीरांत सांचतें व धोका वाढतो. तंतूच्या दुखण्यास चष्मा काय करणार?

नेत्रवैद्यांनीं इशिहारा या जपानी डॉक्टरांचें, १९१७ सालीं प्रथम निघालेलें, रंगीत ठिपक्यांचें पुस्तक उघडलें. पहिल्या पानावरील १२ हा आंकडा आम्हीं झटकन् वाचला व मनांत सुखावलों. तो सर्वांसच वाचतां येतो, हें मागून कळलें! पुढील पानांवर नुसते ठिपके. जन्मभर मुलांस नापास करणारे आम्ही त्या दिवशीं स्वतः नापास झालों.

'चक्षुस्' शब्द ज्या धातूपासून आला, त्याचा धातुपाठांतील पहिला अर्थ 'स्पष्ट बोलणें' असा आहे. पाहणें हा मागाहूनचा. डोळा बोलत होता, आणि आम्ही शाईवाल्यास बोल लावीत होतों. औषधानें लघवी तांबूस होईल हें आम्हांस दोनदां बजावलें होतें. डोळ्यांविषयीं कोणीं चकार शब्द काढला नव्हता, व आम्हींहि विचारलें नव्हतें.

मात्र हें वाचून कोणीं आपल्या बुद्धीनें गोळ्या बंद करूं नयेत. अर्धवट उपचारानें क्षय औषधांस दाद देईनासा होतो. त्याच दिवशीं डॉक्टरांस गांठावें. आमच्या डॉक्टरांनीं एथांब्युटॉल तेवढें वगळून बाकीचीं औषधें चालू ठेविलीं. वेळेवर थांबविल्यास दृष्टि बहुधा परत येते, पण सावकाश, आणि सर्वांचीच पूर्ण येते असें नाहीं. आमच्या उजव्या डोळ्यास शाई सात महिन्यांनीं लाल दिसूं लागली. डाव्यास ती अजून किंचित् विटकरीच आहे. वह्या तपासणें चालू आहे.