शाळा बंद होती, मग पोरं कुठे होती?

कोरोनात शाळांना कुलपं लागली तेव्हा "मुलं घरी बसून काय करतात?" या विषयावर बरंच लिहून आलं. कोणी केक करायला शिकलं, कोणी गिटार, कोणाला मोबाईलचं वेड लागलं. आमच्या वस्तीतली पोरं त्यात शोधून सापडत नव्हती.

ती फडावर होती. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. शाळा चालू असती तर पोरगं आजीजवळ गावात राहिलं असतं. शाळाच नाही म्हणून तेही गेलं, मोळ्या बांधल्या, धाकट्याला सांभाळलं. शहरातली पोरगी आईमागे धुणीभांडी करायला गेली. कित्येकींची लग्नं उरकली.

बालमजुरी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. शाळेची वेळ संपल्यावर आणि सुट्टीत घरच्या धंद्यात मदत केली तर चालेल, अशी फट ठेवली गेली. आमच्या समाजाचा 'घरचा धंदा' म्हणजे काय, हे आम्हाला कोणी समजावू नये. शाळा दीड वर्ष बंद, म्हणजे अख्खा दिवसच सुट्टीचा!

"गरिबीनं सगळ्यांचंच नुकसान केलं, जात मध्ये आणू नका," असं सांगणाऱ्यांसाठी एक आकडा. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ, रितिका खेरा आणि सहकाऱ्यांनी १५ राज्ये-केंद्रशासित प्रदेशांत, महाराष्ट्र धरून, वंचित वस्त्यांतल्या सुमारे १४०० मुलांची पाहणी केली. ग्रामीण दलित-आदिवासी मुलांत नियमित ऑनलाइन शिकणारी ४ टक्के. बाकीच्या ग्रामीण मुलांत १५ टक्के. वस्त्या दोन्ही गरिबांच्याच. मग ही दरी कसली?

आता आपलंही बोलू. २०२१ ची जयंती आम्ही ऑनलाइन केली. व्याख्यानं झाली, डीपी बदलले. दरवर्षी अठरा तास अभ्यासाचा उपक्रम मिरवणारे आम्ही, शेजारच्या गल्लीतल्या पोरांना रोज दोन तास दिले का? निर्बंध होते, मान्य. पण ते सैल झाल्यावरही विहाराच्या पटांगणात अंतर ठेवून दहा पोरं बसली नाहीत. किल्ली सरकारकडे नव्हती, आमच्याकडे होती.

पटावर नाव आहे आणि वर्गात पोरगं नाही, अशी घरं प्रत्येक वस्तीत आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक आहेत, त्यांना गाठा. ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घ्यावंच लागतं, दाखला नाही म्हणून शाळेला हाकलता येत नाही. हे मुख्याध्यापकांना कायद्याची प्रत दाखवून सांगा. जयंतीची वर्गणी मागायला घरोघर जातोच आपण. त्याच फेरीत पोरांची यादीही करा.