गच्चीवरची तार

माळीण डोंगराखाली गेले, ही बातमी जगाला कळली ती एस.टी.च्या एका चालकामुळे. ३० जुलै २०१४च्या सकाळी तो नेहमीची गाडी घेऊन आंबेगाव तालुक्यातल्या त्या रस्त्याने आला आणि समोर गावच नव्हते. २२ जुलै २०२१ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली, तेव्हा खाली महाडला पुराचा वेढा पडलेला. मदत वर पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. त्याच दिवशी चिपळूण पाण्यात होते, आणि मुंबई-पुण्यात बसून आईला, भावाला, शेजाऱ्यांना पुन्हा पुन्हा फोन लावणाऱ्यांना 'संपर्कक्षेत्राबाहेर' एवढेच ऐकू येत होते.

फोन नेमका अशाच वेळी का जातो? टॉवरच्या बॅटऱ्या काही तास चालतात. पुढे डिझेल लागते, आणि डिझेलची गाडी बुडालेल्या रस्त्यानेच यायची असते. टॉवर उभा राहिला तरी त्याला शहराशी जोडणारी केबल बहुधा रस्त्याच्या कडेनेच गेलेली असते. रस्ता खचला की तीही तुटते. जे टॉवर शाबूत राहतात, त्यांच्यावर अख्खा जिल्हा एकाच वेळी तुटून पडतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईनेही हे भोगले आहे.

यंदाच्या अंकासाठी 'संपर्क' हा विषय ठरला, तेव्हापासून माझ्या मनात काही माणसे घोळत आहेत. ती आहेत हौशी रेडिओवाले. जग त्यांना हॅम म्हणून ओळखते. परीक्षा देऊन सरकारी परवाना मिळवलेली, पदरचे पैसे घालून सेट घेतलेली, स्वतःचे कॉलसाइन, म्हणजे हवेतले ओळखनाव, असलेली साधी माणसे. त्यांच्या सेटला कोणत्याही कंपनीचा टॉवर लागत नाही. मोटारीची बॅटरी आणि गच्चीवरची एक तार असली की काम भागते. या कामाचे पैसे घ्यायचे नाहीत, हे परवान्यातच आहे.

२००४च्या डिसेंबरात दिल्लीच्या भारती प्रसाद आपला चमू घेऊन पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आजच्या श्री विजयपुरमला, उतरल्या. हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमॅच्युअर रेडिओ या संस्थेची ही मोहीम होती. अंदमानातून हौशी प्रक्षेपणाला कित्येक वर्षे परवानगी मिळत नव्हती. त्यासाठी त्यांनी चिकाटीने पाठपुरावा केला होता. हेतू निव्वळ हौसेचा. दुर्मीळ ठिकाणाशी बोलणे झाल्याची नोंद आपल्या वहीत असावी, ही जगभरच्या हॅमची मोठी आकांक्षा असते आणि अंदमान त्यांच्या यादीत फार वर होते. त्यामुळे त्या सेटवर बसल्या की चहूदिशांनी हाका सुरू होत. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला, पाठोपाठ त्सुनामी आली आणि बेटांचे मुख्य भूमीशी बोलणे तुटले. भारती प्रसादांनी सेट पुन्हा मांडला, हौसेची संभाषणे बंद केली आणि निरोप घ्यायला सुरुवात केली. पुढे प्रशासनाच्या कचेरीतच केंद्र थाटले गेले. चमूतले काही जण कार निकोबारला गेले. तिथून पोर्ट ब्लेअरला आणि पोर्ट ब्लेअरहून मुख्य भूमीवर खबर येऊ लागली: अमुक जिवंत आहे, अमुक छावणीत आहे. त्या खबरीसाठी लोक अन्नपाणी सोडून बसले होते.

या घटनेत मला फार महत्त्वाची वाटते ती एकच गोष्ट. आपत्ती येईल म्हणून हा चमू कोणी तिथे नेमला नव्हता. तो आनंदासाठी आला होता, म्हणूनच त्याची यंत्रे चालू होती, तारा ताणलेल्या होत्या आणि माणसे रोजच्या सरावातली होती. आपत्तीसाठी म्हणून कुलपात ठेवलेल्या यंत्राची बॅटरी पहिल्या पावसाळ्यात उतरते आणि ते चालवायला शिकलेला कर्मचारी दुसऱ्या वर्षी बदलून जातो. रोज संध्याकाळी हौसेने सेट लावणाऱ्याचे यंत्र मात्र कधी थंड पडत नाही.

हौसेतून जे अंगी बाणते, तेच आपत्तीत उपयोगी पडते. दुर्मीळ ठिकाणावरून बोलणाऱ्याला शेकडो जण एकाच वेळी हाक मारतात. त्या गलक्यातून एक कॉलसाइन अचूक उचलायचे, बाकीच्यांना शांतपणे थांबवायचे, हा त्यांचा खेळच असतो. पूर आलेला असताना तालुक्याचे 'नेट' चालवायचे म्हणजे हेच. एका वेळी एकच जण बोलणार, कोणी बोलायचे ते नेट कंट्रोलवर बसलेला ठरवणार, आणि ज्याच्याकडे जखमींचा निरोप आहे त्याला आधी वाट मिळणार. निरोप सावकाश वाचायचा, घेणाऱ्याने तो जसाच्या तसा परत वाचून दाखवायचा, वेळ लिहायची. 'समजले असेल' असे इथे चालत नाही. लहरींवर बोललेले कोणीही ऐकू शकतो, म्हणून मृतांची नावे उघड घ्यायची नाहीत. घरच्यांना ती अशा तऱ्हेने कळू नयेत, याची काळजी घेणारी ही शिस्त मला फार मोलाची वाटते. किल्लारीच्या, भुजच्या भूकंपात, ओडिशाच्या १९९९च्या महाचक्रीवादळात हेच लोक आपापले सेट पाठीवर घेऊन गेले होते.

आपल्या सह्याद्रीला तर या विद्येची विशेष गरज आहे. हातातला लहान सेट नजरेच्या टप्प्यातच बोलतो. मधे डोंगर आला की मुका होतो. शहराजवळ उंचावर रिपीटर, म्हणजे निरोप झेलून पुढे पाठवणारा संच, असला तर निभावते. खोऱ्यातल्या गावासाठी दुसरी युक्ती आहे. सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी सुमारे २० मीटर लांबीची तार दोन झाडांना मुद्दाम कमी उंचीवर बांधायची. लहरी जवळजवळ सरळ वर जातात, आयनोस्फिअर या वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून खाली येतात आणि भोवतालच्या दोन-तीनशे किलोमीटरांच्या मुलखात पसरतात. डोंगर आड येतच नाही. महाडच्या खोऱ्यातून अशा तारेवर दिवसा पुणे, मुंबई, कोल्हापूर गाठता येते. रात्री त्याहून खालचा, साडेतीन मेगाहर्ट्झचा पट्टा धरायचा. ही तार बाजारात काही शे रुपयांना मिळते. ती कशी बांधायची, हे जाणणारा माणूस मात्र ऐन वेळी विकत मिळत नाही.

असा माणूस घडायला हौशी वातावरण लागते, आणि पुण्यात त्याचा सुंदर दाखला आहे. सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी सुमारे एक किलो वजनाचा 'स्वयम्' हा उपग्रह तयार केला, तो हॅम मंडळींचे निरोप ने-आण करण्यासाठीच. २२ जून २०१६ला इस्रोने तो अवकाशात सोडला. ज्या राज्यातली कॉलेजची मुले हे करू शकतात, तिथे प्रत्येक तालुक्याला दोन हॅम मिळू नयेत, हे मला पटत नाही.

मग अडते कुठे? पहिली अडचण आपल्या सोसायट्यांत आहे. परवाना हातात असलेल्या माणसाला गच्चीवर तार बांधू दिली जात नाही. शोभा जाते, वीज पडेल, टीव्ही बिघडेल, अशी कारणे सांगतात. मोबाइल कंपनीला भाड्यापोटी त्याच गच्चीवर मनोरा चालतो. हे मला अन्यायाचे वाटते आणि अदूरदर्शीपणाचेही, कारण पहिल्या पुरात तो मनोराच आधी बंद पडणार असतो. दुसरी अडचण जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्याची. त्यात होड्या, दोर, रुग्णवाहिका यांच्या याद्या असतात. परवानाधारक हॅमची नावे, कॉलसाइन आणि कोणत्या फ्रिक्वेन्सीवर भेटायचे याची नोंदही त्यात हवी. आणि दरवर्षी मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, तहसील कचेरीतून फोनला हात न लावता निरोप पाठवण्याची तालीम व्हावी. तालीम झाली नाही तर ऐन रात्री दारातला पोलीस हॅमला ओळखत नाही आणि आत सोडत नाही.

या अंकात कथा, कविता नेहमीप्रमाणे आहेतच. त्यांच्या जोडीला तीन हॅमच्या मुलाखती आहेत आणि परवान्याच्या परीक्षेची माहिती शेवटच्या पानांवर दिली आहे. बारा वर्षांपुढची मुलेही ही परीक्षा देऊ शकतात आणि पहिल्या पायरीला मोर्सची अट नाही. घरातल्या एखाद्या मुलाला जुने रेडिओ उघडून बघायची खोड असेल, तर ती पाने त्याच्या हातात जरूर द्या.

दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.

— संपादक