औषध मोजले, पाणी कोणी मोजले?

‘लेबलप्रमाणे औषध घेतले, पीएचआय (फवारणी ते काढणी यांतले ठरलेले दिवस) पाळला, तरी रेसिड्यू चाचणीत नमुना फेल.’ यंदाही द्राक्ष बागायतदारांची अशी पत्रे आली आहेत. औषधाचे नाव आहे, बिल नंबर आहे, दुकानदाराचा उद्धार आहे. ब्लोअरचा डिस्चार्ज एकाही पत्रात नाही.

नऊ फुटी ओळ आणि ताशी 4 किलोमीटर वेग धरला तर एकराला सुमारे बावीस मिनिटे लागतात. एकरी 400 लिटर पाणी बसवायचे तर 12 नोझलच्या ब्लोअरला प्रत्येक नोझलमधून मिनिटाला दीड लिटर पडायला हवे. गंधकाने, कॉपरने पितळी डिस्क झिजून तेच 1.8 लिटर झाले, की एकरी पाणी 480 च्या आसपास. आपण औषध 200 लिटरला मोजून टाकतो, म्हणजे एकरी डोसही वीस टक्क्यांनी वाढला. उलट, भाड्याच्या ड्रायव्हरने घाईत वेग 6 वर नेला तर एक तृतीयांश औषध कमी पडते. मग डाऊनी हटत नाही म्हणून आठवड्यात पुन्हा फवारणी, आणि पाऊस असला तर तिसरीही. रेसिड्यू वाढायला आणखी काय हवे?

अनुदानाच्या ब्लोअरची मोका तपासणी होते ती बिलाची, मशीन नंबरची आणि जिओ-टॅग फोटोची. नोझलखाली मोजपात्र धरणारे साहेब आम्ही अजून पाहिलेले नाहीत. कागदपत्रांत तपासणी अहवाल असतो, पण तो मॉडेलचा. तुमच्या बागेत तीन हंगाम झिजलेल्या मशीनचा नव्हे. आपला माल ज्या युरोपीय संघात जातो, त्याने 2009 च्या निर्देशाने तिथल्या शेतकऱ्यांच्या फवारणी यंत्रांची ठरावीक मुदतीने तपासणी सक्तीची केली. 2020 पासून ही मुदत तीन वर्षांहून जास्त ठेवता येत नाही. आपल्याकडे तपासणी होते ती थेट घडांची, तीही माल तयार झाल्यावर.

पण साहेबांची वाट कशाला पाहता? काही लाखांचा ब्लोअर घेणारे बागायतदार डिस्क बदलायची म्हटली की हात आखडतात, याला काय म्हणावे! ऑक्टोबर छाटणीआधी टाकीत साधे पाणी भरा. ट्रॅक्टरचा पीटीओ 540 फेऱ्यांवर, प्रेशर रोजचेच ठेवून प्रत्येक नोझलचे मिनिटभर पाणी मोजा. ठरलेल्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त पडले तर डिस्क फेकून द्या. ड्रायव्हरला बागेतच शंभर मीटर चालवायला लावा. नव्वद सेकंद लागले पाहिजेत.

हे आकडे फवारणीच्या वहीत तारखेसह लिहा. नमुना फेल गेल्याचे जे पत्र या आकड्यांविना येईल, ते यापुढे छापले जाणार नाही.