सावलीतला पारा

एप्रिल उजाडला की सावेडीत गाडीच्या पडद्याकडे बघत ‘आज ४५!’ अशी आरोळी ठरलेली. पण त्या आकड्यात तापलेल्या डांबराचा आणि पत्र्याचाही वाटा असतो, निव्वळ हवेचा नव्हे.

हवामान खात्याची तापमापी उन्हात कधीच नसते. जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर झडपांची पांढरी लाकडी पेटी. वारा आत खेळता, पण दार उत्तरेला, म्हणजे नोंद घेतानाही ऊन शिरू नये. कमाल तापमापीच्या नळीत एक अरुंद गळा असतो. पारा तापून फुगतो, वर चढतो. थंडावताना मात्र त्या गळ्याशी तुटतो आणि दुपारचा उच्चांक तसाच राहतो. तापाच्या जुन्या काचनळीतही हीच युक्ती, म्हणून तर ती झटकावी लागे!

एवढा काटेकोरपणा हवाच. मैदानी भागात पारा ४० पार करून सरासरीपेक्षा निदान साडेचार अंश वर गेला, किंवा थेट ४५ला भिडला, की उष्णतेची लाट ठरते. दोन अंशांची चूक इथे महागात पडते.

घरी तापमापी लावणार असाल, तर भिंतीपासून थोडी सुटी, सावलीत टांगा आणि रोज ठरावीक वेळी वाचा.